जर्मन मामाचा आवाज

ज्वारी हुरड्यात आली की आमच्या दादाचा फोन येतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चारठाण्याच्या बाजूला आमचं गाव, तिथली शेती तोच बघतो. मी बावीस वर्षं जिंतूरच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. यंदाही बुधवारी त्याचा फोन आला. "कणीस भरलंय. अजून आठ दिवस गेले की टणक होतंय. रविवारी या. मागच्या वर्षी पेपर तपासायचे होते, यंदा काय काढलंय?"

मागच्या वर्षी पेपर नव्हतेच. दादालाही ते माहीत होतं. मला त्या आगटीजवळ बसायचं नव्हतं. आगटी म्हणजे कणसं भाजायला बांधावर खणलेला खड्डा, आत गोवऱ्यांचा विस्तव. हिवाळ्याच्या शेवटी आमच्या भागात संध्याकाळपर्यंत हा धूर कुठून ना कुठून येत राहतो. शाळेतून परत येताना तो नाकात गेला की मी गाडीचा वेग वाढवायचो. ज्या घरात बारावीचं लेकरू असतं, त्या घरात हा धूर आणि परीक्षेची धास्ती एकाच महिन्यात येतात. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आली होती. तेव्हा मी जे केलं, ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती म्हणा, सगळ्यांच्या समोरच केलं होतं.

पण त्याआधी एका जर्मन माणसाबद्दल सांगावं लागेल.

त्याचं नाव मी लिहीत नाही. मला ते नीट उच्चारता येत नाही, आणि इकडे कुणी त्याला नावानं ओळखतही नाही, सगळे जर्मन मामाच म्हणतात. तो फुटबॉलचा प्रशिक्षक आहे, आधी स्वतः खेळायचा. गेल्या वर्षभरात तो जिंतूरमध्ये इतक्या ठिकाणी दिसला की त्याचं इकडे कुणी पाहुणं असावं असं वाटावं. मी जिथं केस कापून घेतो त्या दुकानात आरशाच्या कोपऱ्यात त्याचा फोटो आहे. परभणीच्या स्टेशनसमोर एका रिक्षाच्या मागे तो कमरेवर हात ठेवून उभा आहे, खाली लिहिलंय, "मामा बघायलाय". आमच्या शाळेतल्या निम्म्या शिक्षकांच्या मोबाईलमध्ये त्याची स्टिकरं आहेत. कपाळावर हात मारणारा मामा, बाह्या सारणारा मामा, मान हलवत पाठमोरा जाणारा मामा. यातल्या एकानंही फुटबॉलची अख्खी मॅच बघितलेली नाही. आमच्या जिल्ह्यात क्रिकेट आहे, कबड्डी आहे. फुटबॉल शाळेच्या कपाटात असतो आणि त्यात हवा नसते.

तरी माणसं त्याला बघतात. मी बराच विचार केला, का बघत असतील. दादा म्हणतो, "गोरा हाय म्हणून काय झालं, उभा तर आपल्या बोरी गावच्या मामावानीच राहतो." ते खरंच आहे. लांब हात, खांद्यात थोडा वाक, पिकलेले केस, जाकिटाची चेन कधी नीट लावलेली नाही. तरुणपणीच्या त्याच्या चित्रफिती आहेत, त्यात तो ढगळ चड्डीत, लांब केस उडवत पळतो आणि पुष्कळदा पडतो. फार मोठा खेळाडू नव्हता म्हणे. मला वाटतं माणसांना आणखी एक गोष्ट आवडते. त्याचा संघ हरला, आणि ज्याच्या चुकीनं हरला तो पोरगा मैदानात मान खाली घालून उभा असला, तर हा माणूस सगळ्यांत आधी त्याच्याकडे जातो. चुकणाऱ्याकडे आधी मीही जातो. पण माझ्या हातात लाल पेन असतो.

माझी मुलगी वैष्णवी दोन वर्षांपूर्वी बारावीला होती. गणिताच्या मास्तराची मुलगी. तेव्हा बाजारात भाजी घ्यायला गेलं तरी लोक विचारायचे, "काय सर, किती पडतील?" जणू पेपर मीच देणार होतो. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं, पहाटे साडेचारपासूनचं. एका पहाटे चहा घेऊन तिच्या खोलीत गेलो तर पुस्तक उघडं आणि वर मोबाईल. पडद्यावर हा माणूस हातवारे करत होता.

"हा कोण?"

"पप्पा, जर्मनीचा कोच हाय. फुटबॉलचा. आधी खेळायचा."

"तुझ्या पेपरला येणार हाय का हा?"

"न्हाई. पाचच मिनिटं बघते, मंग बसते."

मी मोबाईल काढून घेतला. आत बघितलं तर तिनं या माणसावर एक पान चालवलेलं. तो काय करतो, कोणत्या खेळाडूला कुठं उभा करतो, हे ती मराठीत लिहायची. खाली अनोळखी माणसांची नावं, त्यांचे निरोप. माझ्या मुलीला परकी माणसं काहीतरी लिहितात, एवढंच मला दिसलं. काय लिहितात ते मी वाचलं नाही. बावीस वर्षांत मी एकही उत्तरपत्रिका न वाचता गुण दिलेले नाहीत. तिची मात्र न वाचता तपासली.

दुसऱ्या रविवारी दादानं हुरड्याला बोलावलं. वैष्णवीला यायचं नव्हतं, मीच म्हणालो, दोन तासांनी काही बिघडत नाही. आगटीभोवती दादा-वहिनी, दोन आत्या, माझे मेहुणे, सगळे बसलेले. दादा गरम कणीस हातावर चोळायचा, फुंकर मारून भुसकट उडवायचा आणि दाणे एकेकाच्या ओंजळीत टाकायचा. पहिली ओंजळ त्यानं वैष्णवीला दिली, परीक्षेचं लेकरू म्हणून. कुणीतरी विचारलं, अभ्यास कसा काय. आणि मी खिशातून तिचा मोबाईल काढला.

"अभ्यास कुठला? बघा, आमच्या बाईसाहेब कुणाच्या नादी लागल्यात."

मोबाईल हातोहात फिरला. थोरल्या आत्या म्हणाल्या, "अगं बया, ह्यो तर म्हातारा हाय." मेहुणे म्हणाले, "सर, जावई लय वयस्कर बघितलात की." सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता तिच्यासमोर मोबाईल धरून मी ते पान कायमचं काढून टाकलं. "हे बघ. गेलं. आता डोकं शांत."

ती रडली नाही. तिच्या ओंजळीत गरम दाणे होते. तिनं ते हळूच पाटीत परत टाकले, हात ओढणीला पुसले आणि पुस्तक घेऊन लांब बाभळीखाली जाऊन बसली. त्या दिवशी तिनं शेतात काहीच खाल्लं नाही.

आमच्या घरात एक रीत आहे, माझ्या वडिलांपासूनची. उपाशी माणसाला बोलायचं नाही. काही चुकलं तर वडील आधी फार मऊ आवाजात विचारायचे, "जेवलास का?" हा प्रश्न आला की दादा आणि मी समजून जायचो. मग आम्ही इतकं सावकाश जेवायचो की आई चिडायची. तीच रीत मी वैष्णवीला लावली. "आधी जेव, मंग तुझ्याकडं बघतो." लहानपणी तीही तिसरी भाकरी मागायची, नको असताना. तेवढ्या वेळात माझा राग निम्मा व्हायचा. ती रीत बहुतेक त्यासाठीच असावी. त्या रविवारी मी ती मोडली.

परीक्षा झाली. तिला चांगले गुण पडले. लोक मला म्हणाले, "सर, तुम्ही वेळेवर फोन काढून घेतला म्हणून." हे ऐकणं फार जड गेलं. ती खरंच अभ्यास बुडवत असती तर माझ्या कडकपणाला काही आधार तरी राहिला असता. ती परभणीला कृषीच्या शिक्षणासाठी गेली, हॉस्टेलवर राहिली. मी रोज फोन करायचो.

"जेवलीस?"

"हो."

"अभ्यास?"

"चालू हाय."

"ठेवू?"

"ठेवा."

दोन वर्षं आम्ही एवढंच बोललो. ती कधी उलट बोलली नाही, आवाज चढवला नाही. सुट्टीत यायची, आईशी बोलायची. मी खोलीत गेलो की दोघींचा विषय संपलेला असायचा. माफी मागावी असं मला अनेकदा वाटलं. पण आमच्या घरात बापानं मुलीची माफी मागताना मी कधी ऐकलेलं नव्हतं. ती कोणत्या शब्दांत मागतात हेच मला ठाऊक नव्हतं.

या डिसेंबरात एका दुपारी मधल्या सुट्टीत गव्हाणे सरांनी मोबाईल पुढे केला. गव्हाणे सर इतिहास शिकवतात आणि सगळ्यांना काही ना काही दाखवत असतात. "हे ऐका. जर्मन मामा आपल्या बोलीत." तोच माणूस मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडत होता, पण आवाज आपल्याकडचा, घोगरा, जाडसर:

"काय रे, बॉल तिकडं चाललाय, तू इकडं काय बघायलास? इकडं तुझी आत्या बसलीय का? ये इकडं. जेवलास का सकाळी? न्हाई जेवलास? मंग आधी जेव. उपाशी माणसाला मी बोलत न्हाई. जेवून ये, मंग बघ तुझी कशी काढतो."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. गव्हाणे सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला ते इतकं आवडलं की मी लगेच आमच्या घरच्यांच्या ग्रुपवर पाठवलं आणि वर लिहिलं, "अगदी बरोबर आहे. सर्व मुलांनी ऐकावे." ग्रुपवर सोळा माणसं आहेत. कुणीच काही लिहिलं नाही. फक्त दादाचा एक अंगठा आला. मला वाटलं, कापसाच्या वेचणीचे दिवस, सगळे कामात असतील.

त्यानंतरचा तास नववीचा. एका मुलानं गृहपाठ केला नव्हता. मी त्याच्याजवळ गेलो आणि नेहमीसारखं विचारलं, "जेवलास का?" अख्खा वर्ग हसायला लागला. मी दरडावलं तरी थांबेना. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, राग नका येऊ देऊ. तुमी जर्मन मामावानी बोलायलात."

मी खडू ठेवला. मामा माझ्यासारखा बोलत होता. ते शब्द, ती आत्या, तो मऊ आवाजातला प्रश्न, सगळं माझं होतं. असं बोलणं मोबाईलमध्ये घालू शकेल असं जगात एकच माणूस होतं.

घरी गेलो तेव्हा सुनंदा, माझी बायको, तुरीच्या शेंगा सोलत होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"वैष्णवी हे करते ते."

"सगळ्यांनाच माहीत हाय. तुमी ग्रुपवर टाकलं तवा सगळ्यांना काय बोलावं ते सुचंना."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमाला कोण सांगणार? तुमी आधी काढून टाकता, मंग विचारता."

हेही लिहायला हवं, की तासभर मला राग आला. मुलीनं माझं मराठवाडाभर हसू केलं, असं वाटलं. मी जसं सगळ्यांसमोर तिचं केलं, तसंच. मोजून परत केलं म्हणालो मनात. सुनंदानं सोललेल्या दाण्यांची वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "रागवायचं तर रागवा. पण सगळं ऐकून घ्या आधी."

म्हणून मी ऐकलं. अंगणात खुर्ची टाकून, एकामागून एक. तिनं नवं पान काढलं होतं, त्यावर असे कितीतरी तुकडे होते. मामा हात झाडतोय, मामा पंचाशी भांडतोय, मामा बदली खेळाडूला पाणी देतोय. सगळीकडे मी. मला आठवतही नाहीत अशी माझी वाक्यं. "बूट नीट बांध, पडलास तर तुझ्या मायला मी काय सांगू." "जिंकलास ना, मंग आता गप जाऊन अंघोळ कर." खाली लोकांनी लिहिलेलं होतं. या वेळी मी वाचलं. एकानं लिहिलं होतं, आमचे अण्णा असेच बोलतात. पुण्यात नोकरीला गेलेल्या एका मुलीनं लिहिलं होतं, रोज सकाळी एकदा ऐकते, घरी असल्यासारखं वाटतं. मला वाटत होतं लोक माझ्यावर हसतात. ते हसत होतेच, पण त्यात खुन्नस नव्हती. आणि त्या बोलण्यात खुन्नस नाही हे, ज्या मुलीला मी ते बोललो होतो, तिनंच तर लोकांना ऐकवलं होतं.

मग मी अगदी खाली गेलो, सगळ्यांत पहिल्या तुकड्याकडे. त्यावर तारीख ती हॉस्टेलला गेली त्या महिन्याची होती, आणि तो फार कमी लोकांनी बघितला होता. त्यात मैदान रिकामं आहे, मॅच हरलेली असावी. तो माणूस बाकावर एकटा बसलाय, गुडघ्यांवर हात ठेवून. आवाज अजून नीट बसलेला नाही. जाड करायचा प्रयत्न केलाय, तरी आतून वैष्णवीच ऐकू येते.

"त्या दिवशी मी लय बोललो. पोरीला सगळ्यांसमोर बोललो. बोलायला नको होतं. मला कळतंय. पण आता कसं म्हणावं ते कळंना झालंय."

बस, एवढंच. पुढे तो माणूस उठतो आणि निघून जातो. खाली कुणीतरी विचारलं होतं, यात हसायचं काय आहे? तिनं उत्तर दिलं होतं, काही नाही, असंच.

जे शब्द मी दोन वर्षं शोधत होतो ते तिनं हॉस्टेलच्या पहिल्या महिन्यातच माझ्यासाठी लिहून ठेवले होते. माझ्या तोंडी कसे वाटतील हे बघून ठेवलं होतं. तिनं मला माफ केलं होतं की नाही, हे त्यावरून कळत नव्हतं. पण बापाला वाईट वाटत असणार, असं ती धरून चालली होती. त्या जर्मन माणसाचे मी मनोमन आभार मानले. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, आपण हात हलवतो तेव्हा जिंतूरमध्ये कोण बोलतं.

बुधवारी दादाचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. मग परभणीला फोन लावला. "रविवारी शेतात येतेस का? हुरड्याला."

"कोण कोण हाय?"

"तेव्हा होते ते सगळे."

"बरं," ती म्हणाली. "सकाळच्या गाडीनं येते."

रविवारी मी तिला चारठाण्याच्या फाट्यावर घ्यायला गेलो. ती मोटारसायकलवर मागे बसली. मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक खड्ड्यात ती विस्कटत होती.

शेतात सगळे जमले होते. आगटी पेटलेली, दादाचे हात चालू. मी खाली बसलोच नाही. दादा म्हणाला, "बस की. उभा का राहिलास, इथं काय शाळा हाय का?" मेहुण्यांना वाटलं, मुलीचं कुठं जमलं की काय, ते सांगायला उभा राहिलाय. ते हात झटकून सरसावून बसले.

मी म्हणालो, "मला एक बोलायचंय. दोन वर्षांपूर्वी इथं मी वैष्णवीला सगळ्यांसमोर बोललो. तिचं काम होतं ते न बघता काढून टाकलं. मी चुकलो. तिनं काही वावगं केलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांसमोर बोललो, म्हणून आजही सगळ्यांसमोर सांगतो."

आवाज माझाच होता, पण मला तो फार पातळ वाटला. आगटीत एक गोवरी ढासळली. मग मेहुणे खाली बघत म्हणाले, "ते जावयाचं मी बोललो होतो. माझं पण त्याच्यातच धर बाई." थोरल्या आत्या म्हणाल्या, "आन म्हातारा मी म्हणले होते. आता तर लय आवडतो मला तो. रोज सकाळी लावतेय." दादा म्हणाला, "एकेक जण माफ्या मागत बसलात तर हुरड्याचा कोळसा होईल."

वैष्णवीनं माझ्याकडे बघितलं नाही. काडीनं विस्तवातली कणसं उलटी करत ती म्हणाली, "पप्पा, बसा आता."

मी बसलो.

दुपारनंतर तिला परत फाट्यावर सोडायला गेलो. बाभळीच्या सावलीत गाडी लावली. एसटीला वेळ होता. मी बिचकत विचारलं, "त्या जुन्या पानावर तू काय लिहायचीस? मी वाचलं नव्हतं."

"खरंच सांगू?"

"सांग."

"समजायचं न्हाई तुमाला."

"नाही समजलं तर नाही."

तिनं पिशवी खाली ठेवली. रस्त्याकडेच्या मातीत काडीनं चौकोन आखला आणि खडे मांडायला लागली. हे चार मागं, हे तीन मधी. तो माणूस खेळाडू असताना इथं उभा राहायचा, म्हणून आता ह्या जागेवरच्या पोरांवर तो सगळ्यात जास्त चिडतो. एक जुनी मॅच होती, ती तिला पहिल्या मिनिटापासून पाठ होती. हा खडा पुढं सरकला की तो मागं येतो. मला काहीच कळत नव्हतं. मी विचारलं, "मग हा मोकळाच राहतो की?" तिनं चमकून वर बघितलं. "तेच तर. तेच सांगायलेय मी. ह्यालाच त्यानं मुद्दाम मोकळा सोडला होता." आणि ती बोलत राहिली, हात हलवत, मधेच माझ्यावर चिडत, "इकडं बघा ना पप्पा, तुमी रस्त्याकडं काय बघायलात."

परभणीची गाडी दिसली होती, म्हणून बघत होतो. गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडून आमच्याकडे पाहिलं. मातीत आखलेलं मैदान, त्यावर बावीस खडे आणि भोवती उकिडवे बसलेले बाप-लेक.

वैष्णवीनं न उठताच त्याला हात केला, जा म्हणून. मग एक खडा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवत म्हणाली, "आता कुठं सेकंड हाफ सुरू झालाय."

मी मांडी घालून नीट बसलो.